स्लो रेसवर थरथरणारी, पिकअप मेलेली, पेट्रोल पिणारी गाडी: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ही तक्रार माझ्या गॅरेजमध्ये वर्षभर येते आणि पावसाळा संपला की जास्त येते. गाडी बहुतेक पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक असते. रोजचा प्रवास ठाणे-बीकेसी किंवा घाटकोपर-अंधेरी असा, निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. लक्षणं जवळपास ठरलेली:

- सिग्नलला उभं असताना, पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना (म्हणजेच स्लो रेसवर) आरपीएमचा काटा ठरत नाही. साडेसातशेच्या आसपास असायला हवा, तो पाचशेला उतरतो, नऊशेला चढतो. थरथर सीटपर्यंत येते.
- एसीचा कंप्रेसर लागला की इंजिन दबतं, कधी बंदच पडतं.
- हलका पाय दिला तर काही होत नाही, आणखी थोडा दिला की गाडी उडी मारते.
- फ्लायओव्हरच्या चढावर पूर्वी तिसऱ्यात जाणारी गाडी आता दुसरा मागते.
- ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने पडलंय.
- चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, बऱ्याचदा लागतच नाही.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर पुढच्या क्रमाने जा. निळा धूर, पांढरा धूर, कूलंट कमी होणं ही दुखणी वेगळी. डिझेल गाडीलाही हे लागू नाही, कारण तिथे ताकद थ्रॉटलने, म्हणजे हवेच्या झडपेने, नाही तर थेट डिझेलच्या मात्रेने कमी-जास्त होते.

दिवा लागला नाही, मग बिघाड कसा?

हे मला रोज कोणीतरी विचारतं, म्हणून आधी हेच सांगतो. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर हा पेट्रोलचा नळ नाही. तुमचा पाय फक्त हवा मागतो. आताच्या गाड्यांत पेडलला केबल नसते, सेन्सर असतो. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो, ईसीयू मोटर फिरवून थ्रॉटल बॉडीतली चकती उघडतो, आत किती हवा आली ते सेन्सरवरून काढतो आणि त्या हिशोबाने इंजेक्टर उघडतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल कळवत राहतो आणि ईसीयू सतत दुरुस्ती करत राहतो.

म्हणजे चकतीच्या कडेला कार्बन बसून हवा कमी जायला लागली की ईसीयू चकती किंचित जास्त उघडतो. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. महिनोन्महिने तो दोष झाकत राहतो. दिवा लागतो तो झाकण्याची मर्यादा संपल्यावर. म्हणून ॲव्हरेज पडल्यावर प्लग, पंप, इंजेक्टर बदलत सुटण्याआधी हवेचा मार्ग आणि हवेचं माप तपासायचं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा उत्तर तिथेच निघतं, आणि खर्चही तिथेच सगळ्यात कमी असतो.

आधी फुकटातलं

*ॲव्हरेज खरंच पडलंय का?* डॅशबोर्डवरचा आकडा हा ईसीयूचा अंदाज आहे. एकाच पंपावर, ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, रोजच्यासारखी गाडी वापरा, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं निदान दोन टाक्या करा.

मग ट्रॅफिकचा हिशोब मांडा. छोटं पेट्रोल इंजिन एसी लावून जागेवर चालू असेल तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल खातं. दहा किलोमीटरच्या प्रवासात वाहत्या रस्त्यावर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी पिते. त्याच प्रवासात वीस मिनिटं जागेवर उभं राहावं लागलं तर आणखी पाव लिटर जातं. झालं, पंधराचं ॲव्हरेज अकराच्या आत आलं, आणि गाडीत काहीही बिघडलेलं नाही. तुमच्या रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झालं असेल, ऑफिसची वेळ बदलली असेल, तर गाडी उघडण्याआधी हे बघा.

पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे ई-१० च्या तुलनेत ई-२० मध्ये तीन-चार टक्के कमी ऊर्जा मिळते. १५ च्या ॲव्हरेजमधून अर्धा किलोमीटर गेला तर तो इंधनाचा. तीन किलोमीटर गेले तर तो बिघाड, आणि त्याचं खापर इथेनॉलवर फोडून गप्प बसू नका.

*टायर आणि ब्रेक.* हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. मग पाच-सहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक मारत, गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना जाम होणं इथे नेहमीचं आहे. असा ब्रेक ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही खातो, आणि लोक थ्रॉटल साफ करत बसतात.

*सीएनजी असेल तर* तुमच्याकडे आयती चाचणी आहे. तोच रस्ता एकदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर चालवा. फक्त गॅसवर झटके मारत असेल तर दोष किटच्या फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा इंजेक्टरकडे. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा पंप, इंजेक्टर किंवा टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल. दोन्हींवर सारखाच त्रास असेल तर दोष हवेत किंवा स्पार्कमध्ये. या एका फेरीने निम्मा शोध संपतो, तरी फार थोडे जण ती करतात.

*पीयूसीची पावती वाचा.* ती फक्त पोलिसाला दाखवायला नसते. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला स्लो रेसवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवा. सीओ दरवेळी वाढत असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. सीओ ठीक पण हायड्रोकार्बन वर असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, म्हणजे प्लग-कॉइलकडे बोट आहे. मात्र गाडी पूर्ण गरम असताना आणि नळी नीट आत घालून केलेली चाचणीच धरा.

एअर फिल्टर

दोन क्लिपा किंवा चार स्क्रू काढले की झालं. याबद्दल सगळीकडे सांगतात की फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरं होतं. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली इंजेक्शनच्या गाड्यांवर हे मोजलं: फिल्टर चोंदवूनही ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला. कारण सरळ आहे. हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी करतो. पण पिकअप मेला की तुम्ही पाय जास्त दाबता, गिअर उशिरा टाकता, हाफ क्लचवर चढ काढता. पेट्रोल जातं ते त्यात.

मुंबईत मी फिल्टर धुळीपेक्षा दोन गोष्टींसाठी उघडतो. पहिली, ओल. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर फिल्टर ओला होतो, कागद फुगतो आणि वाळल्यावर आकसतो. कडेने फट पडते आणि न गाळलेली हवा आत जाते. अशी घाण थेट थ्रॉटलवर आणि सेन्सरवर बसते. दुसरी, उंदीर. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आठवडाभर उभ्या गाडीच्या फिल्टर बॉक्समध्ये घरटं सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून. भिजलेला फिल्टर फेकूनच द्या. नवा घेताना कंपनीचा घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, पण रबरी कडा बॉक्समध्ये घट्ट बसते का ते बघूनच पैसे द्या. तेल लावलेले परफॉर्मन्स फिल्टर रोजच्या गाडीत घालू नका. ज्या गाड्यांत हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, तिथे ते तेल तारेवर बसतं आणि माप चुकतं.

होज आणि क्लिपा

इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कान द्या. थ्रॉटलच्या पुढे इंजिनच्या बाजूला निर्वात असतो. तिथल्या एखाद्या रबरी होजला चीर गेली तर बारीक शिट्टीसारखा ‘स्स्स’ आवाज येतो. ब्रेक बूस्टरची होज, क्रँककेसची वाफ परत आणणारी पीसीव्ही होज, आणि सीएनजी किट बसवताना इनटेकला भोक पाडून लावलेल्या निपल, या तीन जागा आधी बघा. इंजिन बंद करून होज हाताने वाकवा, चीर वाकवल्यावरच दिसते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅप सेन्सरने इनटेकमधला दाब मोजतात. त्यांत गळती झाली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं जास्त हवा आलीय, तो पेट्रोलही वाढवतो आणि स्लो रेस चढून राहते. हवा थेट मोजणाऱ्या गाडीत गळतीची हवा हिशोबातच येत नाही, मिश्रण पातळ होतं आणि गाडी थरथरते. म्हणजे एकाच फाटक्या होजची दोन उलटी लक्षणं. पेटणारा स्प्रे मारून गळती शोधण्याचा प्रकार गरम इंजिनवर करू नका. गॅरेजमध्ये धूर सोडणारं मशीन असतं, त्यात गळती स्वच्छ दिसते.

स्कॅनर

स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, मोबाइलला जोडला जाणारा ओबीडी अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. इथून पुढे अंदाजाने काम करायचं नाही, आकडे बघायचे.

इग्निशन ऑन, इंजिन बंद: मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबई समुद्राच्या काठाला, म्हणून आकडा १०० ते १०१ किलोपास्कल. लोणावळ्यात तोच ९४ च्या आसपास येईल. दादरला उभी गाडी ९० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंगच चुकीचं माप देतेय, पुढचं काही उघडायची गरज नाही.

इंजिन गरम, एसी बंद, स्लो रेस: मॅप साधारण ३० ते ४०. कूलंटचं तापमान ८० च्या वर स्थिर. अर्धा तास चालवूनही ते साठ-पासष्टलाच अडकत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडत राहतो. स्वस्तातला पार्ट आणि ॲव्हरेजचा मोठा चोर.

फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती), दीर्घ मुदतीचा: अधिक-उणे पाच ते सात टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक दहाच्या वर गेला तर हवा चोरून येतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. उणे दहाच्या खाली गेला तर पेट्रोल कुठूनतरी जास्त येतंय: गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), चुकीचं माप. जुन्या गाडीत ई-२० मुळे ट्रिम काही टक्के अधिककडे सरकतो, तो बिघाड नव्हे.

स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड लिहून ठेवा, पुसू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे जाड, पी०५०७ म्हणजे स्लो रेस अपेक्षेपेक्षा वर, पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं. कोड पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी खूप पाहिलेत. सेन्सर खरं सांगत होता, फाटलेली होज तशीच राहिली.

थ्रॉटल बॉडी साफ करणं

वरचं सगळं ठीक निघालं आणि स्लो रेस अजून नाचत असेल तरच इथे या. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम स्वतः करू नका.

किल्ली बाहेर, बटण-स्टार्ट असेल तर रिमोट गाडीपासून लांब. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. हे टाळू नका. चकती मोटरवर चालते, वीज असताना ती अचानक मिटली तर बोट चिरडतं. इंजिन थंड हवं, कारण बऱ्याच थ्रॉटल बॉडींतून कूलंटच्या नळ्या जातात. हवेची होज सोडली की चकती दिसते. पीसीव्हीतून येणारी तेलकट वाफ आणि धूळ मिळून तिच्या कडेला काळं कडं झालेलं असतं. हलका पाय देताना जी पहिली फट उघडते, ती नेमकी तिथलीच. म्हणून ‘काही होत नाही, मग एकदम उडी’.

थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरा. पेट्रोल, रॉकेल किंवा कार्ब्युरेटरचा कडक स्प्रे नको, काही चकत्यांवर पातळ कोटिंग असतं. स्प्रे मऊ कापडावर घ्या आणि कडा पुसा, आत धार मारू नका. चकती बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात.

सफाईनंतर स्लो रेस बाराशे-पंधराशेवर गेली तर घाबरू नका. ईसीयूने घाणेरड्या चकतीप्रमाणे जास्त उघडायची सवय लावून घेतली होती, आता चकती तेवढीच उघडली तरी जास्त हवा जाते. इंजिन गरम होईपर्यंत एसी बंद ठेवून, पाय न लावता चालू ठेवा, मग एसी लावून थोडा वेळ. बऱ्याच गाड्या एवढ्यावर शिकतात. एक-दोन दिवसांत बसली नाही तर गॅरेजमध्ये स्कॅनरने रीलर्निंग करून घ्यावं लागतं.

अपेक्षा रास्त ठेवा. या सफाईने स्लो रेस आणि हलक्या पायाची चाल सुधारते. ॲव्हरेज सुधारतं ते पाय आणि क्लच पुन्हा हलके झाल्यामुळे.

इलेक्ट्रॉनिक मदत: काय खरं, काय नाही

गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंद होतात, आरपीएम बारा-पंधराशेच्या खाली येईपर्यंत पेट्रोल शून्य. म्हणून फ्लायओव्हर उतरताना न्यूट्रल करणारे स्लो रेसचं पेट्रोल उगाच जाळतात. खंडाळ्याच्या घाटात तर न्यूट्रल म्हणजे इंजिन ब्रेकही गेला. कृपया करू नका.

थ्रॉटल जवळपास मिटलेला असताना हवा ओढायलाच इंजिनची ताकद जाते. त्यामुळे दुसऱ्यात तीन हजार आरपीएमवर नाजूक पाय ठेवण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये अठराशेवर थोडा जास्त पाय स्वस्त पडतो. इंजिन ठोकायला लागेल इतका वरचा गिअर मात्र नको.

इको मोड बहुतेक गाड्यांत पेडल मंद करतो, काहींत एसीही. ट्रॅफिकमध्ये त्याचा उपयोग आहे. पण इको लावून पिकअप मेल्याची तक्रार घेऊन येणारे असतात, म्हणून आधी ते बटण बघा. क्रूझ कंट्रोल अटल सेतूसारख्या सपाट रिकाम्या रस्त्यावर चांगला. ऑटो स्टार्ट-स्टॉप शहरात खरंच पेट्रोल वाचवतो, तो चालेनासा झाला तर बॅटरी आधी तपासा. बाजारात मिळणारा थ्रॉटल कंट्रोलर फक्त पेडलचा सिग्नल वाढवून सांगतो, ताकद वाढत नाही. ओबीडीत खुपसायचे ‘फ्युएल सेव्हर’ आणि पाइपला लावायची चुंबकं यांवर एक रुपयाही घालवू नका.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) किंवा एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी) यांचा दिवा लागून मधूनच ताकद जात असेल तर तो थ्रॉटलचा दोष नसतो. चाकाचा स्पीड सेन्सर खराब किंवा चार टायर वेगवेगळ्या मापाचे असले की ईएसपीला गाडी घसरल्यासारखी वाटते आणि ते इंजिनची ताकद कापतं.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

- पाय काढूनही रेस चढलेली राहिली: ब्रेक घट्ट दाबा, गाडी न्यूट्रल करा, कडेला घ्या, थांबल्यावरच इंजिन बंद करा. पुन्हा चालू न करता टो करा.
- पेडलला प्रतिसादच नाही, गाडी कशीबशी रांगते: थ्रॉटल किंवा पेडल सेन्सरचे दोन सिग्नल जुळत नाहीत (पी२१३५ किंवा तसाच कोड). घरी काही करण्यासारखं नाही.
- चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय: मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. तसंच चालवत घरी नेऊ नका.
- पेट्रोलचा किंवा गॅसचा वास: गॅसचा वास असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. किट अधिकृत फिटरशिवाय कोणाला उघडू देऊ नका.
- साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली: सेल्फ मारू नका, एकदाही नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम इंजिन खोलण्यावर जातं.
- ट्रिम बिघडलेला, पण होज, फिल्टर, थ्रॉटल, प्लग सगळं ठीक: आता पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन मोजायला लागतं. साधनांशिवाय पार्ट बदलत बसलात तर मेकॅनिकपेक्षा जास्त खर्च होईल.

गॅरेजमध्ये नेताना दोन टाक्यांचा हिशोब, पीयूसीच्या पावत्या आणि लिहून ठेवलेले कोड सोबत न्या. ‘ॲव्हरेज देत नाही’ एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम झाल्यावर, एसीवर की एसीशिवाय, गॅसवर की पेट्रोलवर, हे सांगा. थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली तर सफाई आणि रीलर्निंग करून पाहिलं का आणि कोणत्या आकड्यावरून ती खराब ठरवली, हे विचारा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.